झूलन गोस्वामी यांची कारकीर्द नेमकी कशी वाचावी?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी नववीत शिकते आणि रोज सकाळी शास्त्रीनगरच्या मैदानावर क्रिकेटच्या सरावाला जाते. ती मध्यमगती गोलंदाजी करते, उंचीने वर्गातल्या मुलांच्या बरोबरीची आहे आणि भारताच्या माजी वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी यांच्याबद्दल जे काही छापून येते ते कापून वहीत चिकटवते. मैदानावरचा जवळजवळ प्रत्येक जाणता माणूस मात्र तिला एकच सल्ला देतो. वेगवान गोलंदाजी मुलींच्या अंगाला झेपत नाही, भारताच्या महिला संघात फिरकीलाच मान असतो आणि आपल्या कोल्हापूरची अनुजा पाटीलसुद्धा ऑफस्पिन टाकूनच भारताकडून खेळली, तेव्हा वेळ आहे तोवर हिलाही फिरकीकडे वळवा, असे ते म्हणतात.

मुलीने काय करावे हे तिचे ती आणि तिचे प्रशिक्षक ठरवतील, त्यामुळे तो विषय मी येथे काढत नाही. या सल्ल्यामुळे झूलन यांच्या कारकिर्दीकडे मी नव्याने पाहू लागलो आणि काही गोष्टींचा मेळ लागेना, म्हणून हे लिहीत आहे. एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्यांचे २०४ सामन्यांत २५५ बळी आहेत, ट्वेंटी-२० मध्ये ६८ सामन्यांत ५६ आणि कसोटीत १२ सामन्यांत ४४. वीस वर्षांच्या कारकिर्दीत कसोट्या केवळ बाराच कशा? एवढा मोठा काळ टिकणे हे त्यांच्या शरीराचे आणि कसबाचे यश होते, की त्यांच्या मागे रांगेत कोणी वेगवान गोलंदाजच उभी नव्हती म्हणून त्यांची जागा कायम राहिली? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

धावफलक

शाहूपुरीकर साहेब, बारा या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण तो नीट समजला की बाकीच्या आकड्यांकडे पाहण्याची नजरच बदलते.

झूलन यांचे एकदिवसीय पदार्पण ६ जानेवारी २००२ रोजी चेन्नईत इंग्लंडविरुद्ध झाले आणि त्याच महिन्यात लखनौला त्याच संघाविरुद्ध त्या पहिली कसोटी खेळल्या. पुढच्या साडेचार वर्षांत त्यांच्या वाट्याला आठ कसोट्या आल्या. त्यांतली आठवी २००६ च्या ऑगस्टअखेरीस टाँटनला इंग्लंडविरुद्ध झाली. त्या सामन्यात झूलन यांनी पहिल्या डावात ३३ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ४५ धावांत ५, म्हणजे एकूण ७८ धावांत १० बळी घेतले. भारताने तो सामना पाच गडी राखून जिंकला आणि इंग्लंडच्या भूमीवर भारतीय महिलांचा तो पहिला कसोटी विजय ठरला. त्याच मालिकेत लेस्टरच्या सामन्यात त्यांनी फलंदाजीला येऊन ६९ धावाही काढल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय २३ होते. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून गौरवले.

सामन्यात दहा बळी घेणारी ही गोलंदाज त्यानंतरची कसोटी केव्हा खेळली, तर ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडमधील वर्म्सली येथे. मधली आठ वर्षे त्यांना कोणी वगळले नव्हते आणि त्या जायबंदीही नव्हत्या. भारताचा महिला संघ त्या आठ वर्षांत एकही कसोटी खेळला नाही. वय २३ ते ३१ हा वेगवान गोलंदाजाचा ऐन भराचा काळ असतो आणि तो पूर्ण काळ त्यांच्या कसोटीच्या रकान्यात कोरा आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आणखी एक कसोटी झाली आणि पुन्हा जून २०२१ मधील ब्रिस्टलपर्यंत शांतता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅरारा येथे गुलाबी चेंडूची कसोटी झाली आणि ती त्यांची बारावी व शेवटची. ४४ बळींची सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितके चांगले) १७.३६ आहे. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये या सरासरीच्या गोलंदाजाला कसोटीविना आठ वर्षे बसवून ठेवले असते, तर संसदेत प्रश्न विचारले गेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, महिला गोलंदाजांच्या कारकिर्दीत बळींच्या एकूण संख्येआधी सामन्यांचे वेळापत्रक पाहावे. किती बळी घेतले यात गोलंदाजाचे कर्तृत्व असते, पण किती सामने मिळाले यात तिचा हात जवळजवळ नसतोच. १९७३ मध्ये स्थापन झालेली भारतीय महिला क्रिकेट संघटना २००६ पर्यंत स्वतंत्रपणे कारभार पाहत होती आणि तिच्याकडे पैसा नव्हता. नंतर ती भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, तरी खेळाडूंना वार्षिक करार मिळायला २०१५ साल उजाडले. झूलन यांची पहिली तेरा वर्षे करारावाचून गेली आहेत.

एकदिवसीय सामन्यांत त्यांनी दहा हजारांहून अधिक चेंडू टाकले, म्हणजे दर सामन्यात सरासरी आठ षटके. प्रत्येक षटकामागे त्यांनी ३.३७ धावा दिल्या आणि सरासरी २२.०४ राहिली. न्यूझीलंडविरुद्ध २०११ मध्ये साउथगेटला ३१ धावांत ६ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. मे २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूमला त्यांनी ऑस्ट्रेलियाची वेगवान गोलंदाज कॅथरिन फिट्झपॅट्रिक हिचा १८० बळींचा विक्रम मागे टाकला, फेब्रुवारी २०१८ मध्ये किंबर्लीला दोनशेचा टप्पा गाठला आणि २०२२ च्या विश्वचषकात अडीचशेचा. या सर्व गोष्टी वृत्तपत्रांत येऊन गेल्या आहेत, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

नवा राजवाडा

धावफलक यांनी मांडलेला इतिहास बिनचूक आहे, परंतु आदरापोटी एक बाजू सुटते आहे असे मला वाटते. फिट्झपॅट्रिकचे १८० बळी १०९ सामन्यांतले आहेत आणि तिची सरासरी १६.७९ आहे. दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माइलने १२७ सामन्यांत १९१ बळी घेतले. आपल्याच नीतू डेव्हिड यांनी डावखुऱ्या फिरकीवर ९७ सामन्यांत १४१ बळी घेतले आणि सरासरी १६.३४ ठेवली. दर सामन्यामागे हिशेब केला तर फिट्झपॅट्रिक १.६५, इस्माइल १.५०, नीतू डेव्हिड १.४५ आणि झूलन १.२५ असा क्रम लागतो. जास्त काळ खेळल्यामुळे एकूण आकडा फुगतो, हे साधे गणित आहे. झूलन थोर गोलंदाज होत्या यात वाद नाही. पण "जगातील सर्वोत्तम" हे बिरुद केवळ २५५ या आकड्यावरून देऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

शिवाय शाहूपुरीकरांच्या मुलीला मैदानावर मिळणारा सल्ला अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. भारतीय महिला क्रिकेटचा इतिहास फिरकीचाच आहे. डायना एडुलजी यांचे कसोटीत ६३ बळी, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांचे लेगस्पिनवर ६० आणि नीतू डेव्हिड यांची १९९५ मधील जमशेदपूरची ५३ धावांत ८ बळी ही कामगिरी तर महिला कसोटीत एका डावातील जागतिक विक्रम आहे. २००५ च्या विश्वचषकात भारत प्रथमच अंतिम फेरीत गेला, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे २० बळी नीतू डेव्हिड यांचेच होते.

मॅटिंगवाला

मी मुलामुलींना गोलंदाजी शिकवतो, म्हणून आकड्यांपेक्षा चेंडूविषयी लिहितो. नवा राजवाडा यांच्या गणितात चूक नाही, परंतु त्या गणितात गोलंदाजाचे संघातील काम दिसत नाही.

फिट्झपॅट्रिक ज्या ऑस्ट्रेलियन संघात खेळली, त्या संघात ती थकली तरी दुसऱ्या टोकाकडून दबाव कायम राहत असे. झूलन यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग असा गेला की, नव्या चेंडूवर त्यांच्या जोडीला दर दोन-तीन वर्षांनी नवा चेहरा येई आणि दहाव्या षटकापासून फिरकी सुरू होई. समोरच्या फलंदाजांना हे ठाऊक असल्यामुळे त्या झूलन यांची पहिली पाच षटके जपून खेळून काढत आणि धावा इतरांकडून वसूल करत. अशा वेळी बळी दुसऱ्याच्या नावावर लागतात. तुमच्या यादीतील फिरकी गोलंदाजांचे बळीही काही अंशी या दबावातून आलेले आहेत, असे माझे मत आहे. वीस वर्षांत एकदिवसीय क्रिकेटमधील धावांची गती कितीतरी वाढली, तरी ३.३७ हा आकडा टिकून राहिला, यातच त्या कामाची पावती आहे.

आता शरीराविषयी. झूलन यांची उंची ५ फूट ११ इंच. चेंडू सोडताना हात कानाला घासून जाईल इतका सरळ वर, त्यामुळे चांगल्या टप्प्यावरचा चेंडूही अपेक्षेपेक्षा उंच येई. त्यांचा मुख्य चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजासाठी आत येणारा. परंतु नुसता इनस्विंग असलेली गोलंदाज दोन वर्षांत सर्वांना पाठ होते. तिला वीस वर्षे टिकायचे असेल, तर आत येईल असे वाटणारा पण न येणारा चेंडूही लागतो. डर्बी येथे २० जुलै २०१७ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाची कर्णधार मेग लॅनिंगला त्यांनी शून्यावर त्रिफळाचीत केले, तो चेंडू ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावांमुळे त्या दिवसातले बाकी सर्व काही लोक विसरले आहेत. चेंडू आतल्या रोखाने निघतो, लॅनिंग त्या रोखावर बॅट आणते, टप्प्यानंतर चेंडू आत यायचे सोडून सरळ जातो आणि ऑफ स्टंपला लागतो. लॅनिंगचे पाय आणि बॅट जिथे असायला हवेत तिथेच होते, तरी ती बाद झाली. माझ्याकडच्या मुलींना मी हा चेंडू संथ गतीने दाखवतो आणि फलंदाजाकडे पाहू नका, गोलंदाजाच्या मनगटाकडे पाहा असे सांगतो. मनगट चेंडूच्या बरोबर मागे आहे, शिवण उभी आहे आणि बोटे शेवटच्या क्षणी चेंडूवरून खाली ओढली जात आहेत. यात वेगाचा भाग फार थोडा आहे.

महिलांच्या क्रिकेटमधला चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका आणि थोडा लहानही असतो. मुलीच्या हातात तो नीट बसतो आणि मनगट जागेवर असेल तर हवेत छान वळतो. आपल्याकडे अडचण अशी की, बहुतेक मुलींना मुलांच्या गटात सराव करावा लागतो आणि त्यांच्या हातात मुलांचाच चेंडू पडतो. तो मोठा चेंडू पकडण्यासाठी त्या बोटे फाकवतात, मनगट बाजूला पडते आणि मग हिचा चेंडू स्विंगच होत नाही असा निष्कर्ष निघतो. शाहूपुरीकर साहेब, आपली मुलगी कोणत्या चेंडूने सराव करते, एवढे एकदा स्वतः तपासून घ्या.

वेगवान गोलंदाजी मुलींच्या अंगाला झेपत नाही या म्हणण्याचा समाचार मी घेत नाही. चकदहासारख्या गावात टेनिस चेंडूवर मुलांबरोबर खेळायला सुरुवात करून, पहाटेची लोकल पकडून कोलकात्याच्या विवेकानंद पार्कात सरावाला जाणाऱ्या मुलीने ३९ व्या वर्षापर्यंत तीच गोलंदाजी केलेली आहे.

करवीरची लेक

मी जिल्ह्याच्या संघाकडून काही वर्षे खेळले आहे, तेव्हा अनुजा पाटील यांचे नाव आले म्हणून लिहिते. शाहूपुरीकर दादा, मैदानावरचे लोक अनुजाताईंचे उदाहरण देतात, पण अर्धेच देतात.

अनुजाताई मूळच्या कोल्हापूरच्या, उजव्या हाताच्या ऑफस्पिनर. २०१२ मध्ये श्रीलंकेत झालेल्या ट्वेंटी-२० विश्वचषकात त्यांनी भारताकडून पदार्पण केले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत सुमारे पन्नास आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामने खेळल्या. १७ नोव्हेंबर २०१८ चा गयानातील विश्वचषकाचा सामना माझ्या विशेष लक्षात आहे. स्मृती मानधनाने ८३ धावा काढल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळीकडे सांगलीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण ऑस्ट्रेलियासारख्या संघाचे १५ धावांत ३ बळी घेऊन त्यांना ११९ वर रोखण्यात कोल्हापूरचा वाटा होता, हे आपल्याच पेठांत किती जणांना माहीत आहे कोण जाणे. आपल्याकडे रविवारी फुटबॉलचा सामना असला की त्याची चर्चा आठवडाभर पुरते, क्रिकेट खेळणाऱ्या मुलींच्या वाट्याला अर्धा दिवसही येत नाही. असो.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. इतके सामने खेळूनही अनुजाताईंना भारताकडून एकही एकदिवसीय सामना मिळाला नाही. त्यांच्या गुणवत्तेत खोट होती असे मला वाटत नाही. त्या ज्या काळात खेळल्या, त्या काळात फिरकीची रांग किती लांब होती ते पाहा : एकता बिश्त, पूनम यादव, राजेश्वरी गायकवाड, ऑफस्पिन आणि फलंदाजी दोन्ही करणारी दीप्ती शर्मा, शिवाय गरज पडली तर स्वतः हरमनप्रीत. २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात वेगवान गोलंदाज तीनच होत्या, झूलन, शिखा पांडे आणि मानसी जोशी. म्हणजे "संघात फिरकीला जागा असते म्हणून फिरकी टाक" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण सगळे त्याच दारात उभे असतात हे तो देणारा सांगत नाही.

दादांनी विचारले आहे की, मागे कोणी नव्हते म्हणून झूलनदीदी टिकल्या का? मला वाटते, मागे कोणी नव्हते ही गोष्ट खरी आहे, पण त्यामुळे त्यांचे काम हलके झाले नाही, जड झाले. रांगेत दुसरी असती, तर टाच किंवा पाठ दुखू लागल्यावर दोन मालिका विश्रांती मिळाली असती. एकटीच असल्यावर दुखणे घेऊन खेळावे लागते. जिल्हा पातळीवरसुद्धा आम्ही हे भोगले आहे. संघात वेगवान टाकणारी मुलगी एकच असली, की कर्णधार तिला सकाळीही बोलावते आणि संध्याकाळीही.

मॅटिंगवाला सरांनी मुलांच्या चेंडूबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. माझी बोटे अजून तशीच फाकतात.

नवा राजवाडा

करवीरची लेक यांचा मुद्दा मला मान्य आहे. रांगेच्या लांबीचा विचार मी केला नव्हता. परंतु त्याची दुसरी बाजूही पालकांनी ध्यानात ठेवावी. भारतात खेळपट्टी संथ असली, की संघ दोनच वेगवान गोलंदाज खेळवतो आणि कधी कधी एकच. रांग आखूड आहे हे खरे, पण दारही अरुंद आहे.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. वेळापत्रक आधी आणि बळी नंतर, हा धावफलक यांचा मुद्दा मला सर्वांत उपयोगी वाटला. आणखी दोन शंका विचारतो. विश्वचषक जिंकता न आल्यामुळे ही कारकीर्द अपुरी राहिली असे अनेक जण लिहितात, ते कितपत योग्य आहे? आणि २०२२ च्या विश्वचषकातील शेवटच्या सामन्यात त्या का नव्हत्या?

धावफलक

पहिल्या शंकेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. झूलन दोन एकदिवसीय विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत खेळल्या. २००५ मध्ये सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी हरवले, त्यात फार काही बोलण्यासारखे नाही. २३ जुलै २०१७ चा लॉर्ड्सचा सामना मात्र मी संपूर्ण लिहून काढलेला आहे. इंग्लंडची सारा टेलर आणि नॅटली सायव्हर या दोघी स्थिरावल्या होत्या आणि धावसंख्या अडीचशेच्या पुढे जाणार असे दिसत होते. झूलन दुसऱ्या हप्त्यात (स्पेलमध्ये) आल्या, टेलरला ४५ वर यष्टीमागे झेल द्यायला लावला, पुढच्याच चेंडूवर फ्रॅन विल्सनला पायचीत केले आणि थोड्या वेळाने ५१ वर खेळणाऱ्या सायव्हरलाही पायचीत केले. दहा षटके, तीन निर्धाव, २३ धावा, ३ बळी. ज्या डावात इंग्लंडने २२८ धावा केल्या, त्यात एका गोलंदाजाने आपल्या पूर्ण दहा षटकांत २३ दिल्या, तर उरलेल्या चाळीस षटकांत किती गेल्या याचा हिशेब वाचकांनीच करावा. भारत नऊ धावांनी हरला, कारण शेवटचे सात गडी २८ धावांत गेले. इंग्लंडची गोलंदाज अन्या श्रबसोल हिचे ४६ धावांत ६ बळी ही त्याची दुसरी बाजू. गोलंदाजाला तिच्या वाट्याच्या दहा षटकांबद्दल जबाबदार धरावे. त्या दिवशी त्या दहा षटकांत झूलन यांच्याकडून आणखी काही अपेक्षिणे अन्यायाचे होईल.

अपुरेपण असलेच तर ते वेळेचे आहे. १९९७ च्या डिसेंबरात ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा पंधरा वर्षांच्या झूलन सीमारेषेवर चेंडू आणून देण्याच्या कामावर होत्या आणि बेलिंडा क्लार्कचा ऑस्ट्रेलियन संघ जिंकताना पाहून त्यांनी आपला मार्ग ठरवला, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. लॉर्ड्सवर २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या शेवटचा सामना खेळल्या, ३० धावांत २ बळी घेतले आणि भारताने मालिका ३-० अशी जिंकली. (त्या सामन्याची चर्चा मात्र दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केले त्यावरच झाली. निरोपाच्या दिवशीही त्यांना पूर्ण मथळा मिळाला नाही.) त्यानंतर सुमारे महिनाभराने मंडळाने पुरुष व महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले. मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय महिला मुंबई परिसरात एकाच महिन्यात दोन कसोट्या खेळल्या आणि जिंकल्या. झूलन यांना एक कसोटी ते पुढची कसोटी यासाठी आठ वर्षे थांबावे लागले होते.

लीगमध्ये त्या मुंबई इंडियन्सच्या मार्गदर्शक आणि गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून आल्या आणि तो संघ पहिल्याच वर्षी विजेता ठरला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंनी करंडक नेऊन त्यांच्या, मिताली राजच्या आणि अंजुम चोप्राच्या हातात दिला. विश्वचषकातील त्यांच्या एकूण ४३ बळींचा विक्रम त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या मारिझान काप हिने मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात, त्याबद्दल हळहळ नको.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मॅटिंगवाला सर अधिक चांगले देऊ शकतील.

मॅटिंगवाला

२७ मार्च २०२२ रोजी ख्राइस्टचर्चला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्याआधी त्यांची बरगडीखालची बाजू भरली होती. क्रिकेटमध्ये याला साइड स्ट्रेन म्हणतात. उजव्या हाताने टाकणाऱ्या गोलंदाजाला बहुधा डाव्या बाजूला होते. चेंडू सोडण्याआधी डावा हात वर ताणलेला असतो आणि पुढच्या क्षणी तो जोराने खाली ओढताना बरगडीला चिकटलेला पोटाचा आडवा-तिरपा स्नायू फाटतो. हे दुखणे लपवून खेळता येत नाही, कारण प्रत्येक चेंडूला तीच जागा ओढली जाते. भारत तो सामना अखेरच्या चेंडूवर हरला आणि उपांत्य फेरी हुकली. शेवटच्या षटकांसाठी त्या असत्या तर काय झाले असते, हा वाद आमच्या कट्ट्यावर अजून मिटलेला नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या पालकाने यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने या वयाच्या वेगवान गोलंदाजांसाठी अनेक वर्षे जी मर्यादा लावलेली आहे, ती एका हप्त्यात (सलग एका स्पेलमध्ये) सहा आणि दिवसभरात बारा षटके अशी आहे. आपल्याकडे पावसाचे चार महिने मैदान ओले असते, मुली घरी बसतात आणि ऑक्टोबर उजाडला की निवड चाचणीच्या धास्तीने पहिल्याच आठवड्यात ताकदीबाहेर टाकू लागतात. माझ्या पाहण्यातली बहुतेक दुखणी त्याच पंधरवड्यातली आहेत. पावसाळ्यात छपराखाली आठवड्यातून दोनदा, कमी अंतराच्या धावेने, अर्ध्या ताकदीने तरी मुलीला टाकू द्यावे. षटकांची वही करावी आणि तिच्यात सामन्यांइतकीच सरावाचीही षटके लिहावीत, कारण आमच्यासारखे प्रशिक्षक सकाळच्या गडबडीत ती मोजत नाहीत.